गंजलेली पिन

मंडळी, दुपारपासून एक गंजलेली पिन डोक्यातून जात नाय, म्हणून लिहितेय.

उद्या वैजापूरला लग्न आहे. नेसायला आईची जांभळी साडी काढली, तिनं गुलमंडीच्या बाजारात घेतलेली. आईची एक सवय होती. पदराच्या प्लेट्स एकदा मनासारख्या जमल्या की पिन न काढताच साडी कपाटात ठेवायची. म्हणायची, "पुढच्या वेळी लई सोपं जातं." आई जाऊन बरीच वर्षं झाली. पिन गंजून पदराला घट्ट चिकटलीय. मी वैतागून पक्कड आणली.

तेवढ्यात ताईच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती इंग्लंडात पुरातत्त्व शिकते. साडीची पिन आणि हातातली पक्कड बघून म्हणाली, "मावशी, थांब. आधी हे बघ."

तिनं एका ब्रोचचा फोटो पाठवला. दीडेक हजार वर्षांपूर्वी तिकडं राहणाऱ्या अँग्लो-सॅक्सन लोकांतल्या एका बाईच्या थडग्यात सापडलेला, खांद्यावर कपडा अडकवायचा. पुढून सोन्याचा मुलामा, केसाएवढी बारीक नक्षी. मी तेच बघत बसले, तर म्हणाली, "मागची बाजू बघ."

मागची लोखंडी पिन पार गंजलेली. आणि त्या गंजात कापडाची वीण, उभा-आडवा धागा न धागा उमटलेला. बाई गेली, तिचं कापड मातीत गेलं. गंजानं तेवढा बोटभर तुकडा धरून ठेवला.

मी पक्कड ठेवून दिली.

उद्या दुसरी साडी नेसेन. आईच्या हातच्या शेवटच्या प्लेट्स त्या पिनेखाली अजून तशाच आहेत. माझ्या जागी तुम्ही असता तर काढली असती का पिन?