निळ्या दरवाजावरचा ओरखडा

कौसल्या खोब्रागडे मूळच्या अकोल्याच्या. दिल्लीत केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून म्हणून लागल्या आणि तीस वर्षांनी सेक्शन ऑफिसर झाल्या. नवरा गेल्यावर त्या पंचावन्नाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकल्या आणि त्यांनी गडद निळी गाडी घेतली. माहेर-सासर मिळून ही पहिलीच कार. मागच्या काचेवर त्यांनी 'जय भीम'चं छोटं स्टिकर लावलं.

पंधरा दिवसांत डाव्या दरवाजावर हातभर ओरखडा उठला. नोएडातल्या त्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला, "बच्चों ने किया होगा, मैडम." बेसमेंटमधला कॅमेरा बंद होता.

"आई, वर्कशॉपला टाक ना यार," मुलगी लुंबिनी म्हणाली.

"एवढ्याशासाठी? मीच बघते."

त्यांनी व्हिडिओ पाहिले. ओरखड्यावर नख फिरवलं. अडकलं नाही, म्हणजे जखम वरच्या पारदर्शक थरापुरतीच होती. गाडी धुऊन पुसली, कडेनं टेप लावली, अगदी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हातानं फिरवला. मग रबिंग कंपाउंडची पेस्ट, मग पॉलिश. दोन तासांनी दरवाजात त्यांचा चेहरा दिसायला लागला. त्या दिवशी जेवताना त्या लुंबिनीला तेच तेच सांगत होत्या.

महिन्याभरानं पुन्हा ओरखडा. या वेळी स्टिकरही खरवडलेलं. पाचव्या मजल्यावरची विनया भेटायला आली. सोसायटीत त्यांच्याशिवाय मराठी घर तेवढंच. "कसली माणसं असतात हो, कौसल्याताई!" म्हणाली. तिच्या मुलाला, चैतन्यला, कौसल्याबाई दोन वर्षं सरकारी परीक्षेसाठी शिकवत होत्या. तो त्यांना मावशी म्हणायचा.

त्यांनी नवं स्टिकर लावलं.

पुढच्या रविवारी सकाळी त्या बेसमेंटमध्ये गाडीच्या उजव्या बाजूला पाटावर बसून चाकाच्या वरचा पत्रा पुसत होत्या. पलीकडून कर्र आवाज आला. उठून पाहिलं तर विनया. हातात घराची किल्ली.

"तू?"

विनयाचा चेहरा उतरला. मग एकदम ताठला. "माझा चैतन्य तीनदा नापास झालाय. घरी बसून आहे. तुमचं काय, तुम्हाला सगळं आयतं मिळतं. फ्लॅट, गाडी. वर मिरवायचं पण!"

"त्याला शिकवते मी, विनया."

"कोट्यातली नोकरी करून आम्हाला शिकवता," ती म्हणाली आणि लिफ्टकडे गेली.

कौसल्याबाई फिरून डाव्या बाजूला आल्या आणि पॉलिश पेपर घेऊन घासायला लागल्या. पाणी टाकायचं भान राहिलं नाही. किती वेळ घासत होत्या कोण जाणे. थांबल्या तेव्हा निळा रंग गेला होता आणि तळहाताएवढा राखाडी पत्रा उघडा पडला होता. आता त्यावर कितीही पॉलिश लावून उपयोग नव्हता.

त्यांनी लेखी तक्रार दिली. कमिटीनं सांगितलं, "लेडीज़ का आपसी मामला है, घर में सुलझा लीजिए." साक्षीदार कोणी नव्हता.

मंगळवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात चैतन्य, वही घेऊन. त्याला काहीच माहीत नव्हतं. "मावशी, आज इंग्लिशचा पेपर सोडवायचा होता ना?"

पोराचा दोष नव्हता, हे त्यांना कळत होतं.

"आईला विचार, कोट्यातल्या बाईकडे शिकायला जाऊ का म्हणून," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दार लावलं.

आतून लुंबिनी ओरडली, "आई, त्याने काय केलं होतं?"

त्या दाराला टेकून, लिफ्ट खाली जाईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. चैतन्य परत आला नाही. त्याची परीक्षा तीन आठवड्यांवर होती.