मामांची बसकी गाडी

माझ्या नवऱ्याचं जळगावात ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. चाळिशी उलटली की काही पुरुष देवधर्माला लागतात, काही सकाळी पळायला लागतात. यानं गाडी खाली घेतली. सुरतेला जाऊन चारही चाकांना नवीन सस्पेन्शन बसवून आला. त्यात स्प्रिंगखाली आट्यांवर फिरणारी एक रिंग असते. पान्यानं ती फिरवली की गाडी हवी तेवढी वर किंवा खाली होते. आमच्याकडे 'हवी तेवढी' म्हणजे फक्त खाली.

सासूबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणतो. त्यांच्या गुडघ्यांसाठी घरात कमोड बसवायचा विषय कितीतरी महिने 'बघू'वर अडला होता. सुरत मात्र लगेच जमली. आता गाडीत बसताना अक्का आधी पाठमोऱ्या व्हायच्या, मग डोळे मिटून स्वतःला सोडून द्यायच्या. उतरताना त्यांना दोघांनी ओढायचं.

"भाऊ, हाई गाडी शे का पाट?" त्यांनी पहिल्याच दिवशी लेकाला विचारलं.

"अक्का, अशीच भारी दिसते. रोडला चिकटून चालते."

गाडी जितकी खाली गेली तितकी त्याची मान वर गेली. दुकानासमोर ती उभी करून तो रस्ता ओलांडून पलीकडे जायचा आणि तिच्याकडे बघत राहायचा. माझ्याकडे त्यानं कधी एवढ्या लांबून पाहिलेलं नाही. जवळूनही नाही.

मग नणंदेच्या मुलाचं लग्न आलं. मुलीचं गाव धुळ्याच्या पुढे, आडरस्त्याला. सख्खा मामा म्हणून नवरदेव आपल्याच गाडीतून नेणार, असं यानं जाहीर केलं आणि आदल्या दिवशी रिंगा फिरवून गाडी आणखी खाली घेतली.

"फोटोत उठून दिसेल."

"उठून?" मी विचारलं. त्याला कळलं नाही.

हायवेवर सगळं ठीक होतं. पण त्या गावातून वाळूचे डंपर सुसाट जातात, म्हणून गावकऱ्यांनी शाळेसमोर स्वतःच एक गतिरोधक घातला होता. डंपरनं घाबरावं एवढा.

"उतरा," नवरा म्हणाला. अक्का, मी आणि फेटा सांभाळत नवरदेव, तिघेही उतरलो. झेंडूच्या माळा गाडीत आणि नवरदेव पायी. यानं गाडी तिरकी करून पुढची चाकं पलीकडे नेली. मग खालून कर्रकन आवाज आला आणि गाडी पोटावर बसली. पुढे जाईना, मागे येईना.

टपरीवरचे एक आबा हातात चहाचा कप घेऊनच आले. "काय व्हयनं भाऊ? टायरमा हवा नही का?"

"हवा आहे, आबा. सस्पेन्शन आहे हे. गाडी वर-खाली करता येते."

"मंग कर ना बापा," आबा म्हणाले आणि चहा पीत बघत उभे राहिले.

तेवढ्यात मागून आमच्याच डीजेची गाडी आली. नवरदेवाला स्पीकरला टेकवून बसवलं, आम्ही दोघी ड्रायव्हरशेजारी बसलो. नवरा पाना घेऊन मागेच राहिला. "तुम्ही व्हा पुढे, मी हिला वर घेऊन आलोच."

मंडपात मुहूर्त तोंडावर आला. मामानं नवरदेवाच्या पाठीशी उभं राहायचं असतं. भटजी सारखे विचारायला लागले, "मुलाचे मामा कुठे आहेत?" माईकवाल्यानं अक्कांना विचारलं. अक्कांनी जे होतं ते सांगितलं. त्यानं तेच माईकवर सांगितलं, "नवरदेवाचे मामा गाडीखाली आहेत..."

वाक्य पुढेही होतं, पण ते कोणी ऐकलं नाही. मंडपात एकच आकांत उसळला. नणंद "माझा भाऊ!" म्हणत मटकन खाली बसली. पुरुष हातातल्या अक्षता टाकून शाळेकडे पळाले. मी माईक ओढून घेतला आणि ओरडले, "जिवंत आहेत! दुरुस्ती चालू आहे!" पण पळणाऱ्यांना पळायचंच असतं. शेवटी मीही त्यांच्यामागे गेले.

नवरा जोधपुरी कोटात रस्त्यावर उताणा पडला होता, डोकं चाकापाशी. एवढी माणसं बघून त्याला वाटलं, गाडी बघायला आली. तो उत्साहानं रिंग दाखवायला लागला. "ही अशी फिरवली ना, की..."

मुलीचे वडील धापा टाकत होते. "अहो, तुम्ही गेलात म्हणून पळत आलो आम्ही!"

पोरीच्या काका-मामांनी, शेजाऱ्यांनी मिळून बाज उचलावी तशी गाडी उचलली आणि गतिरोधकाच्या पलीकडे ठेवली. तिला वर घ्यायचा तेवढा एकच उपाय होता.

लग्न उशिरा लागलं. नवरदेवाच्या मागे एक चुलत मामा उभा राहिला, कारण सख्ख्या मामाची पाठ ग्रीसनं भरली होती आणि नणंद त्याला स्टेजवर येऊ देईना. ती पुढे राखीपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. रिंगा एकाच बाजूच्या फिरवून झाल्या होत्या, त्यामुळे परतताना गाडी एका अंगानं उंच आणि एका अंगानं खाली होती. खालच्या अंगाला मी बसले होते.

सध्या गाडी कंपनीनं दिली होती तेवढ्याच उंचीवर आहे. तरी गिऱ्हाईक आलं की नवरा सांगतोच, "पाहिजे तेवढी खाली घेता येते." अक्का मात्र लेकीकडे एसटीनंच जातात. पायरी उंच असते, पण कंडक्टर हात देतो.