मशीनला पसंत पडलेला अंगठा

आठवी अर्ध्यावर सुटली तरी सही मला चांगली येते. पण उरणजवळच्या ज्या गोदामात मी पॅकिंगला आहे, तिथे माझी सही कुणाला नको. दारावरच्या मशीनवर सातच्या आत अंगठा उमटला तर आत, नाहीतर घरी. असं तीनदा झालं की ठेकेदार दुसरी बाई बघतो. परभणीहून एवढ्या लांब आलेल्या माझ्यासारखीची झोप उडायला एवढं पुरे होतं.

पहिल्या हिवाळ्यात माझी जुनी स्कूटी मिठागरांमधल्या रस्त्याला लागली की बोटं बधिर व्हायची. ब्रेक दाबतेय की नुसतं दाबल्यासारखं वाटतंय, तेच कळायचं नाही. पायातले मोजे हातात घातले, वारा आरपार. एका सकाळी गारठलेला अंगठा मशीनने ओळखलाच नाही. एक संधी गेली.

लोकरीचे हातमोजे पगारानंतरच येणार होते. म्हणून घरमालकीण मावशींचे भांडी घासायचे रबरी मोजे मागून घेतले. हात कसे मस्त गरम! गेटवर मोजे काढले तर आत घामाचं पाणी आणि अंगठ्यावर सुरकुत्याच सुरकुत्या. मशीन आपलं 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणतंय. वॉचमन काका वाकून बघत म्हणाले, "ताई, रात्री अंगठा भिजत घातलेला काय? उद्या मोड येतील."

रांगेतल्या बाया हसल्या. मीही हसले, आणि वाटभर रडत घरी आले. दुसरीही गेली.

मावशी अंगणात कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि आधी पोटभर हसल्या.

"काय गो, तुमच्याकडं तर खरी थंडी. आणि हितं येऊन कुडकुडतेस?"

"तिकडं थंडीत शेकोटीजवळ बसतात, मावशी. स्कूटीवर नाही बसत."

"अगो, ही थंडी न्हाय, वारा हाय. मिठागरात आम्ही वाऱ्याला पाठ करून उभं ऱ्हायचो. तुझ्या हातांना पाठ न्हाय, एवढंच."

"मग हातांना पाठ कुठून आणू?"

त्या उठल्या. त्यांच्या मुलाचा ट्रेलर आहे, त्यामुळे घरात ऑइलचे रिकामे कॅन भरपूर. पाच लिटरचा एक त्यांनी सुरी तापवून उभा कापला आणि दोन्ही अर्धुकं दोन आरशांच्या दांड्यांना तारेने आवळली. हँडलच्या पुढे दोन पिवळे सुपासारखे कान उभे राहिले. मी हळूच म्हटलं, "लोक हसतील."

"हसूं दे. तुला अंगठा पायजे का अब्रू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, शेवटची संधी घेऊन, मी घाबरत निघाले. वारा कॅनवर आपटत होता, धडधड आवाज करत होता, पण बोटांपर्यंत पोचत नव्हता. काकांनी लांबूनच ओरडून विचारलं, "ताई, गणपती आणला काय?" मी कोरडा, जेमतेम कोमट अंगठा काचेवर टेकवला आणि डोळे मिटले.

मशीन म्हणालं, "थँक यू."

"थँक यू," मी म्हटलं, तेही मोठ्यांदा.

लोकरीचे मोजे अजून घेतलेले नाहीत. कान तसेच आहेत. काका रोज सकाळी विचारतात, "आज कोण आधी म्हणालं, ताई? मशीन का तुम्ही?"