व्याह्यांची पारनेरची प्रत

आमच्या व्याह्यांच्या हाती कुठलीही वस्तू द्या, दहा वर्षांनी ती दिली होती त्याहून चांगल्या अवस्थेत, वर तारखेची चिठ्ठी चिकटवून परत मिळेल. इतका भरवशाचा माणूस सबंध नगर जिल्ह्यात दुसरा नसेल, हे मी वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी कुणापुढेही शपथेवर सांगायला तयार आहे. शपथेची भाषा अशासाठी, की गेली तीन वर्षं आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांत ते 'सगळ्यांचे फोटो घालवणारे काका' म्हणून ओळखले जातात. ते फोटो त्यांनी घालवले नाहीत. मी घालवले. कसे, ते सांगणारच आहे. पण आधी माणूस सांगतो, म्हणजे मी काय केलं त्याचं वजन कळेल.

माझी एकुलती एक मुलगी त्यांच्या घरी, नगरच्या सावेडीला दिली आहे. व्याही साखर कारखान्याच्या विद्युत विभागात अख्खी नोकरी करून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं देवदर्शनाला निघतात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. यांच्या फोनवर एके सकाळी सूचना आली, की फोटो ठेवायची जागा भरली, जास्त हवी असेल तर दरमहा पैसे भरा. एवढ्यावर त्यांचा पुढचा जन्म सुरू झाला. "फोटो माजे, नात माजी, आन् जागा कुनाची? कुठल्या देशात हाय ती? कवा बंद करतील ते आपल्याला इचारनार हायेत का?" असं ते मला फोनवर अर्धा तास विचारत होते आणि मी, चाळीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस, ते प्रश्न वहीत उतरवून घेत होतो. महिन्याभरात त्यांनी कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, जेवणाच्या डब्याएवढा एक जुना संगणक आणला आणि घरच्या सगळ्या सोयी आता घरातच चालणार, असं जाहीर केलं. फोटो, कागदपत्रं, कॅलेंडर, पासवर्ड, अगदी विहीणबाईंच्या लोणच्यांची प्रमाणंसुद्धा. इन्व्हर्टरचा पॉइंट देवघराशेजारी होता म्हणून संगणक तिथे बसला, आणि विहीणबाई रोज देवांबरोबर त्यालाही दोन फुलं वाहू लागल्या. दसऱ्याला त्याच्यावर झेंडूची माळ चढली तेव्हा फक्त "हवेची जाळी झाकू नका" एवढंच व्याही म्हणाले.

कुठल्या कामाला कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं, याची त्यांची चौकशी मी पाहिली आहे. माझी मुलगी त्यांनी चहापोह्यांच्या एका बैठकीत पसंत केली होती. फोटोंचं सॉफ्टवेअर पसंत करायला साडेचार महिने लागले. ते बनवणारी माणसं किती, त्यांतला एक सोडून गेला तर बाकीचे सांभाळतील का, शेवटची दुरुस्ती कधी झाली, तक्रार केली तर उत्तर किती दिवसांत देतात, आणि देतात ते सरळ देतात की फणकाऱ्याने. फणकाऱ्याने उत्तर देणाऱ्यांची चार सॉफ्टवेअरं त्यांनी गुण असूनही नाकारली. एक दिसायला फार देखणं होतं, जावयाला तेच हवं होतं. व्याही म्हणाले, "ह्यात सामान टाकता येतं, पर बाहेर काढायची वाट न्हाई. ज्या घरातनं निघता येत न्हाई, त्या घरात आपन जायचंच न्हाई." जावई म्हणाला, "बाबा, साधे फोटो ठेवायचेत." त्यावर ते दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

हे सगळं एकाच डब्यात एकमेकांना धक्का न लावता कसं चालतं, हे मला कधी कळलं नसतं. प्रत्येक सॉफ्टवेअरच्या वेगळ्या जागेला ते कंटेनर म्हणत. मी 'म्हणजे काय' विचारलं, तर मला गच्चीवर नेऊन त्यांनी कारखान्याचा माळ डोळ्यांपुढे उभा केला. "गुरुजी, हंगामात पाथर्डीकडनं ऊसतोडीची मानसं यायची. माळावर कोपी घालायची. चार बांबू, पाचट, वर ताडपत्री. एका कोपीत एक बिऱ्हाड, ज्याची चूल त्याची. एकीला आग लागली तरी शेजारची वाचावी म्हनून मधी अंतर. हंगाम संपला की मोडली कोपी, दुसऱ्या कारखान्यावर तशीच्या तशी उभी. पर पत्र्याची पेटी कोपीची नसती बरं का, बिऱ्हाडाची असती. कोपी मोडली तरी पेटी तशीच ऱ्हायली पायजे. फोटो पेटीत. सॉफ्टवेअर म्हंजे नुसती कोपी." माझा चेहरा पाहून त्यांनी खाली येऊन प्रात्यक्षिकच केलं. सगळ्यांदेखत फोटोंचं सॉफ्टवेअर पुसून टाकलं. माझी मुलगी किंचाळली. विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. व्याही शांतपणे चहाचा एक घोट घेऊन म्हणाले, "मोडली कोपी." मग एक ओळ टाइप केली, दुसरा घोट घेतला, आणि फोटो जिथल्या तिथे. त्या दिवसापासून त्यांच्यावर माझा इतका विश्वास बसला, की आमच्या घराचा उतारासुद्धा मी तिथे ठेवायला दिला.

देखभालीची सूचना ते तीन दिवस आधी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकत: 'गुरुवारी दुपारी दोन ते चार फोटो बंद राहतील. सहकार्य करावे.' चार वाजून एक मिनिट झालं तर दिलगिरीचा दुसरा संदेश. अमावास्येला ते कुठलंही अपडेट करत नसत. मी यावरून छेडलं तर म्हणाले, "देवाधर्माचं न्हाई गुरुजी. आमावास्येला काय बिघडलं तर बायको तेचाच दोष काडती, खरा दोष सापडत न्हाई."

आता पारनेरच्या प्रतीचं सांगतो. त्यांचा नियम असा, की जे जपायचं ते तीन जागी पाहिजे आणि त्यांतली एक जागा दुसऱ्या गावात. एक प्रत संगणकात, दुसरी त्याला जोडलेल्या डिस्कवर, आणि तिसरी आमच्याकडे, पारनेरला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते एसटीने येत. मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात पंचात गुंडाळलेली ताजी डिस्क. ती ठेवून जुनी घेऊन जात. आमची ही त्यांना पुरणपोळीचा आग्रह करी, ते "आदी डिस्क" म्हणत. कपाटात शालींच्या खाली ती ठेवून झाल्याशिवाय ताटावर बसत नसत. डिस्कला त्यांनी आतून कुलूप घातलं होतं, म्हणजे पासवर्डाशिवाय ती कुणालाही नुसती कोरी दिसावी. "तुमच्यावर संशय न्हाई गुरुजी, चोरावर हाय," हेही त्यांनी बजावून सांगितलं होतं. आणि घरच्या सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, की आता फोनमधले फोटो खुशाल काढून टाका, जागा मोकळी करा. सगळ्यांनी ते ऐकलं.

तीन वर्षांपूर्वी अकोल्याला माझ्या भाच्याचं लग्न होतं. त्याच संध्याकाळी हिच्या मालिकेतल्या नायिकेचंही लग्न होतं. हिची ओढाताण मला पाहवेना. आमच्या टीव्हीच्या डब्यात कार्यक्रम साठवायची सोय होती, फक्त डिस्क जोडायला हवी. शालींखालची आणली, जोडली. पडद्यावर अक्षरं आली, की ही डिस्क कोरी दिसते, वापरण्याजोगी करायची का, आतलं सगळं पुसलं जाईल. मला वाटलं, आत आहे काय? टीव्ही तर कोरी म्हणतोय. व्याही घाईत रिकामीच देऊन गेले असावेत, असा विचारही मनात आला आणि किंचित बरं वाटलं, हे कबूल करतो. प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा, असं चाळीस वर्षं मुलांना सांगितलं. स्वतः वाचला नाही. 'हो' दाबलं. परत आल्यावर हिने तो भाग पाहिला, मी तो पुसला, डिस्क पुन्हा शालींखाली गेली.

त्याच आठवड्यात सावेडीला त्यांच्या गल्लीत खांबावरची न्यूट्रलची तार तुटली आणि घराघरांत दुप्पट दाबाने वीज शिरली. कुणाचा टीव्ही गेला, कुणाचा फ्रिज. व्याह्यांचा इन्व्हर्टर, संगणक आणि त्याला जोडलेली डिस्क, तिन्ही एका झटक्यात गेली. मुलीने रडत फोन केला. मागून व्याह्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता: "रडायचं काय त्यात? पारनेरला प्रत हाय की!" त्या आवाजात इतका भरवसा होता, की मी नुसतं 'हो, हो' म्हणून फोन ठेवला. तेव्हाही सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हाही. मी शालींखालून डिस्क काढून त्यांच्या हातात दिली आणि त्यांच्याबरोबर सावेडीला गेलो, का गेलो ते मला आजही माहीत नाही.

दिवाणखान्यात सगळे जमले होते. विहीणबाई, जावई, मुलगी, तिच्या कडेवर दोन वर्षांची नात. व्याह्यांनी लॅपटॉपला डिस्क जोडली, पडद्याकडे पाहिलं. टीव्हीने आपली खूण तिथे सोडली असणार, आणि ती ओळखणार नाहीत असे आमचे व्याही नव्हेत. हे मी नीट सांगतो: त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. झाकण मिटलं आणि म्हणाले, "कॉपीच झाली न्हवती. माजी चूक."

"बाबा, तुम्ही?" जावई म्हणाला. "तुम्ही तर दर वेळी तपासता!"

"झाली म्हनतो ना. वय झालं आता."

ज्या घरात माझी मुलगी नांदते त्या घरात मला मान खाली घालायला लागू नये, म्हणून त्यांनी आपली घातली. मी चहा पिऊन परत आलो.

पुढचं लवकर सांगतो. जावयाने सगळ्यांचं सगळं एका मोठ्या कंपनीकडे नेलं, दरमहा पैसे भरून. जळका संगणक भंगारात गेला. व्याही आता सुनेला म्हणतात, "ते फोटोचं जरा दाव गं." लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, "काका, आमचा आहेर पारनेरला ठेवलात का?" ते हसतात. मीही हसायचो. जरा मोठ्यानेच.

यंदा नातीच्या पाचव्या वाढदिवसाला टीव्हीवर तिचे फोटो लावले होते. ते सुरू होतात तेच दोन वर्षांच्या मुलीपासून. जावयाचा मामा म्हणाला, "ही काय चालतीबोलतीच जन्माला आली का हो?" हशा झाला. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. अकोल्याचं लग्न, मालिकेतलं लग्न, टीव्हीचा प्रश्न, माझं उत्तर. सांगून झाल्यावर मामा गहिवरून म्हणाला, "व्याही असावा तर असा! दुसऱ्याची चूक अंगावर घ्यायला काळीज लागतं." जावई म्हणाला, "अण्णा, राहू द्या. बाबांनी तेव्हाच कबूल केलंय." मी व्याह्यांकडे पाहिलं. ते केकचा तुकडा खात म्हणाले, "गुरुजींना मास्तरकीची सवय. पोरगं चुकलं की छडी सोताच्या हातावर." पुन्हा हशा. एकट्या माझ्या मुलीने मात्र केक खाली ठेवला. म्हणून हे लिहून काढलं. तोंडी सांगितलेलं लोक मोठेपणा समजतात. लिहिलेलं तरी खरं धरतील.

मला स्टँडवर सोडायला ते स्कूटर घेऊन आले. बाकावर बसल्यावर मी विचारलं, "पाव्हणं, खोटं का बोललात?"

"कवाचं इचारताय? तवाचं का आजचं?"

"दोन्ही."

"तवाचं तुमाला ठावं हाय. आज म्हनाल तर, तुमच्या तोंडनं ऐकायचं हुतं ते ऐकलं. बाकीच्यांचं काय? त्यांनी दुसरीकडं बिऱ्हाड केलं. आता मी बोलावलं तरी येत न्हाईत." मग म्हणाले, "मालिकेतलं लगीन तरी झालं का नीट?"

"मंडपातच मोडलं."

ते इतके हसले, की शेजारच्या बाईने पिशवी आवरून घेतली. चष्मा काढून डोळे पुसले, आणि तो पुन्हा लावलाच नाही, हातातच धरून बसले. "बाकी कायबी न्हाई गुरुजी," ते म्हणाले, "पोरगी पयल्यांदा चालली ते माज्याकडं हुतं. सतरा सेकंदांचं. तेवढं एक…"

मी ते कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, "सांगा."

"आता काय सांगायचं त्यात."

"सांगा तर."

त्यांनी सुरुवात केली. अंगावर कुठलं झबलं होतं, उंबऱ्यापासून कितव्या फरशीवर ती उभी राहिली, आधी कुठला पाय उचलला, मध्ये कुकरची शिट्टी कशी झाली आणि ती दचकून बसता बसता कशी सावरली. सतरा सेकंदांचं ते सांगायला त्यांना पाऊण तास लागला. मध्ये पारनेरची गाडी लागली, कंडक्टरने दोनदा पुकारा केला आणि ती सुटली. मी उठलो नाही.