मिऱ्याचा ठिपका

माझे सासरे गुडघेदुखीवर चूर्ण देत. पैसा घेत नसत. औषधाचं नाव सांगितलं की त्याचा गुण जातो, अशी त्यांच्या घरची रीत होती, त्यामुळे कोणी विचारतही नसे. मी हिंगोलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. मीही कधी विचारलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जवळच्या पुसेगावचे माझे मामा त्या चूर्णाची पुडी घेऊन प्रयोगशाळेत आले.

"खाल्लं की ओठाला मुंग्या येऊन राहिल्या," ते म्हणाले. "जरा बघ तुझ्या मशिनीत. सासऱ्याला नको सांगू, म्हातारा रुसला तर तुझा सासुरवाडीचा पाहुणचार बंद."

मशीन कसलं, लेप दिलेली काच होती. तिच्या तळाशी चूर्णाच्या अर्काचा थेंब दिला, काच द्रावकात उभी करून तो वर चढू दिला आणि मग रसायन फवारलं. नारिंगी ठिपका उमटला. गावठी औषधांत कधी कधी घालतात त्या बचनाग नावाच्या विषारी मुळीचा ठिपका नारिंगी येतो, आणि साध्या मिऱ्याचाही. फरक कळायला शेजारी बचनागाचा अर्क चढवून ठिपके एका उंचीवर येतात का, एवढंच पाहायचं. बचनाग बाजारात मिळत होता. मी गेलो नाही. ठिपके जुळले असते तर सासऱ्यांसमोर उभं राहावं लागलं असतं. खरं तर ओठांना मुंग्या ही बचनागाचीच खूण, त्यावरूनच मी ओळखायला हवं होतं. बहुधा ओळखलंही होतं.

"मिऱ्याचा ठिपका आहे," मी सांगितलं. "खा बिनधास्त."

मामा निर्धास्त झाले आणि चिमटीऐवजी चमचाभर घेऊ लागले. थोड्याच दिवसांत त्यांना जीपमधून हिंगोलीच्या दवाखान्यात आणलं. हातपाय गार, नाडी अडखळत होती. काय खाल्लं, असं डॉक्टरांनी विचारलं.

"औषधाचं काई न्हाई, साहेब," मामा कसेबसे म्हणाले. "ते आमच्या भाच्यानं तपासलंय."

तेव्हा मी बचनागाचं नाव घेतलं.

"तुम्हाला माहीत होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"शंका होती," मी म्हणालो. मामांनी डोळे मिटून घेतले.

मामा वाचले. मग मी बाजारातून बचनाग आणला. ठिपके जुळले. सासऱ्यांनी काच पाहिली, यंदा विष उतरवण्यासाठी बचनाग गोमूत्रात शिजवताना घाई झाल्याचं कबूल केलं आणि चूर्ण देणं थांबवलं.

पुढे पुसेगावला मामांना भेटायला गेलो. ओसरीवर माणसं बसली होती.

"चूक माझीच," मामा त्यांना सांगत होते. "हावऱ्यावानी चमचाभर खाल्लं. पोरानं तर बराबर तपासलं व्हतं."

ते माझ्याकडे न बघता बोलत होते. मी शेजारी बसून राहिलो, आणि त्यांना बोलू दिलं.