दार उघडणारी पत्रिका

त्या पत्रिकेची पट्टी ओढली की दाराच्या दोन्ही झडपा उघडायच्या आणि आतून नवरानवरी पुढे यायची. सांगायला सोपं आहे. ते जमेपर्यंत मी घरच्यांचं डोकं खाल्लं. कधी एकच झडप उघडे, कधी नवरा बाहेर आणि नवरी आतच अडकलेली. शेवटी जुन्या कॅलेंडरचा गुळगुळीत कागद पट्टीखाली घातला, दोऱ्याच्या गाठी सैल केल्या, तेव्हा कुठे दार सुरळीत उघडलं.

ऑर्डर आणली होती माझ्या मैत्रिणीनं. आम्ही शिरूरला एका बाकावर शिकलो, पुढे एकाच आळीत नांदलो. दौंडच्या कुणा साहेबांच्या घरचं कार्य आहे, म्हणाली. नावं, तारीख असलेला आतला कागद ते लोक स्वतः चिकटवणार होते, म्हणून तो मी पाहिलाच नाही. माझा मोबदला तिनं चोख आणून दिला. तो हातात घेताना जरा चमत्कारिक वाटलं होतं, कारण आमच्यात असं देणंघेणं कधी नव्हतं.

त्याच सुमारास तिच्या मुलीचं लग्न ठरलं. स्थळ दौंडचंच. पण दोन्ही घरची चार माणसं जमवून उरकतोय, पत्रिकासुद्धा काढल्या नाहीत, असं तिनं मला चेहरा पाडून सांगितलं. मीच तिची समजूत घातली. मुलीसाठी घेतलेली साडी आधीच पोचवली आणि मनातल्या मनात अक्षता टाकून मोकळी झाले.

लग्नानंतर दौंडहून माझी धाकटी जाऊ आली. तिनं पिशवीतून हौसेनं एक पत्रिका काढली. "बघा ताई, तुमच्यासारखंच करती ती पोरगी. नवरीनं सोत्ता केल्यात म्हणं सगळ्या." मी पट्टी ओढली. दार उघडलं, नवरानवरी पुढे आली आणि आत माझ्या मैत्रिणीच्या लेकीचं नाव होतं. जाऊबाई मांडवाचं, जेवणावळीचं, बाहेर लागलेल्या गाड्यांचं वर्णन करत राहिली. अख्खं दौंड जेवून गेलं होतं.

मी तडक मैत्रिणीकडे गेले. तिनं नाकारलं नाही. पाहण्याच्या कार्यक्रमात तिनं मी सणावाराला तिला करून दिलेली कार्डं लेकीच्या हातची म्हणून दाखवली होती. सासूबाई भुलल्या आणि पत्रिका सुनेच्याच हातच्या हव्यात म्हणून अडून बसल्या.

"मग मला बोलवायला काय झालं होतं?" मी विचारलं.

"तू आली असतीस तर कुणी ना कुणी कार्डांचं काढलंच असतं," ती म्हणाली. "आन् तुला खोटं बोलाया जमत न्हाई. लगेच तोंडावर दिसतं तुझ्या."

इतक्या वर्षांत तिनं माझं केलेलं हे एकच कौतुक. माझा इतका संताप झाला की तिच्या उंबऱ्यात उभी राहून मी रडले, आणि रडले याचा संताप वेगळाच.

मागच्या आठवड्यात त्या मुलीचा फोन आला. लहानपणी माझ्या मांडीवर बसून कागदाचे तुकडे करणारी पोर. तिच्या नणंदेचं लग्न ठरलं होतं आणि पत्रिका वहिनीनंच करायच्या, असं घरात सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"मावशी, गुपचूप करून दे की. मला येत न्हाई, तुला तर ठाव हाय."

"मला ठाऊक आहे," मी म्हटलं. "तुझ्या सासूला सांग."

ती रडायला लागली. मी फोन कानाला धरून बसले. वाटलं, आता तरी म्हणेल की मावशी, लग्नात तू हवी होतीस. तेवढं बोलली असती तर मी कात्री घेऊन बसलेही असते, माझा काही भरवसा नाही. पण नाक ओढत तिनं विचारलं ते एवढंच, की निदान कसं करतात ते तरी फोनवर सांगशील का.