सवच्या कुंडापासून महाडच्या स्टँडपर्यंत

मुलांनो, १९५८ च्या पौषातली ही गोष्ट. पोलादपूरहून सकाळची एस.टी. सुटली तेव्हा माझा डावा हात गळ्यात बांधलेला होता. महाडला तुमच्या आजोबांचे घर सोडून पोलादपूरच्या शाळेत शिकवू लागल्याला दोन महिने झाले होते. निघण्याच्या दिवशी त्यांनी मोडलेले मनगट अजून ठणकत होते. डॉक्टरांनी सवच्या गरम पाण्याचा शेक सांगितला. सवला जायचे तर महाडवरून. तिथे ते गाठतील, या धास्तीने चार वर्षांच्या तुमच्या आईला शेजारणीकडे ठेवले.

महाडला उतरताच पदर कपाळावर ओढून मी बैलगाडीत बसले.

सवच्या कुंडावर (गरम झऱ्याच्या हौदावर) गंधकाचा वास आणि बायकांचा गलका होता. पाणी इतके कढत, की आधी नुसती बोटेच बुडवली. शेजारच्या म्हातारीने हात पाहिला.

"काय झाला गो?"

"घसरून पडले."

"माझा बापूस हाडां बसवायचा. पडलेला हात असा मोडत नाय. ह्यो पिळलेला हाय."

तिने भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) पुढे केली. "खा. खोटा बोलून दमलीस." आमच्यात न चालणारी सुकट मी खाल्ली.

दुपारी आम्ही एकाच गाडीतून महाडला परतलो. पोलादपूरची एस.टी. लागली होती आणि तिच्या दाराशी तुमचे आजोबा उभे होते. सकाळी कुणीतरी मला ओळखले असावे. त्यांनी माझा उजवा हात धरला.

"घरी चल. तमाशा नको." आवाज नेहमीसारखा हळू.

"सोड रं तिला!" मागून म्हातारी ओरडली.

"मी नवरा आहे तिचा."

"त्या हातावरनंच वळाकला!"

कोणीतरी हसले. पकड आणखी आवळली. कंडक्टरने घंटी मारली.

"दत्तात्रय, हात सोड!" मी म्हणाले.

तुमची आई तुमच्या वडिलांना नावानेच हाक मारते. तुम्हाला यात काय वाटणार? तेव्हा नवऱ्याचे नाव घेतले तर त्याचे आयुष्य घटते म्हणत. घ्यायचेच तर उखाण्यात गुंडाळून. आणि मी भर स्टँडवर, तेही एकेरीत! गाडीतली एक बाई "आई गो!" म्हणाली. त्यांची बोटे सैल पडली. मी चढले.

पोलादपूरपर्यंत प्रत्येक थांब्यावर मी मागे वळून पाहत होते.

मनगट पाच-सहा फेऱ्यांत बरे झाले. भीतीला जास्त वेळ लागला. पुढे कितीतरी वर्षे स्वप्नात मी त्यांना 'अहो'च म्हणत राहिले. जागेपणी मात्र पुन्हा कधी म्हणावे लागले नाही.